आधी वर्ग, मग विलायत

गेल्या वैशाखातील एका संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी वडिलांना बरोबर घेऊन माझ्याकडे आली आणि खुर्चीवर टेकता टेकताच तिने पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक कागद इंग्लंडातील एका विद्यापीठाचा होता. इंग्रजी अध्यापनाच्या एक वर्षाच्या एम.ए.साठी प्रवेश मंजूर झाल्याचे त्यात कळविले होते. दुसरा होता आपल्याच विभागातील एका बी.एड. महाविद्यालयाचा. तिसरा कागद वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून ठेवलेला होता, तो त्यांनी मागाहून काढला : साडेतीन एकरांचा सातबारा उतारा. "गुरुजी, बँक तारण मागते. पोरगी चांगली मास्तरीण होणार असेल तर जमीन ठेवू. नुसती लांब जाऊन यायची असेल तर नको. तुम्ही सांगाल तसं," एवढे बोलून ते गप्प राहिले.

त्या संध्याकाळी मी दिलेले उत्तर चार वाक्यांचे होते, आणि चार वाक्यांच्या भरवशावर कोणाच्या जमिनीचा निर्णय सोपविणे मला नंतर बरे वाटले नाही. म्हणून त्या उत्तरामागील विचार येथे सविस्तर मांडीत आहे. प्रश्न त्या एका मुलीचाच असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तालुक्याच्या गावी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली आणि शिक्षकी पेशाची मनापासून ओढ असलेली शेकडो मुले-मुली आज याच उंबरठ्यावर उभी आहेत, आणि त्यांना सल्ला देणारे बहुतेक जण एकतर परदेशी प्रवेशाचे दलाल असतात, नाहीतर परदेशाच्या नावानेच बिचकणारे आप्त असतात. दोघांनाही वर्गाशी काही कर्तव्य नसते. मी उभा जन्म वर्गात काढला. त्या अधिकाराने, आणि तेवढ्याच अधिकाराने, हे लिहीत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजी शिकणे ही एक विद्या आहे आणि इंग्रजी शिकवावयास शिकणे ही दुसरी. पहिल्या विद्येचे उगमस्थान इंग्लंड आहे हे कोण नाकारील? पण पहिलीचा उगम जेथे, तेथेच दुसरीचाही असला पाहिजे, हे जे आपण न बोलता गृहीत धरतो, त्याला आधार कोणता? इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा ते दूध मुलांना पाजावयास टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे यांच्यासारखी जी माणसे पुढे आली, त्यांतील एकानेही तोपर्यंत विलायतेचा किनारा पाहिलेला नव्हता. त्यांना इंग्रजी उत्तम येत होते, आणि समोर बसलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे हेही कळत होते, कारण थोड्याच वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या डोक्यात तेच चाललेले होते. शिक्षकाच्या अंगी या दोन्ही गोष्टी लागतात. २००० सालापासून मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले आणि त्या एका निर्णयाने खेडोपाडीचा प्रत्येक प्राथमिक शिक्षक इंग्रजीचा शिक्षक ठरला. तेव्हापासून तर या दुसऱ्या गोष्टीची निकड शतपटीने वाढली आहे.

ती दुसरी गोष्ट म्हणजे काय, हे मी एकदा फार जवळून पाहिले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत पाचवीच्या वर्गात मी मागच्या भिंतीशी बसलो होतो. चोपन्न मुले, निम्म्यांच्या घरी पावरी बोली, उरलेल्यांच्या घरी अहिराणी. एक मुलगी कालची गैरहजेरी सांगावयास उभी राहिली आणि धीर करून म्हणाली, "माय मदर टू फीव्हर केम." वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत आणि चुकले असेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एका ओळीत मराठी वाक्य लिहिले, "माझ्या आईला ताप आला," आणि त्याखाली इंग्रजी, "माय मदर हॅज अ फीव्हर." मग पहिल्या ओळीतल्या 'ताप' या शब्दाखाली रेघ ओढून विचारले, "मराठीत चालून कोण येतंय?" मुले ओरडली, "ताप!" "कोणाकडे?" "आईकडे!" "आणि इंग्रजीत? इंग्रजीत ताप कुठून येत नाही. तो आईजवळ आहे. तिथं आई धनी." मग त्यांनी विचारले, तुमच्या घरी कसे म्हणतात? तेथेही ताप चालूनच येतो, हे मुलांनीच सांगितले. पुढच्या दहा मिनिटांत मुलांनी आपण होऊन शब्द गोळा केले : भूक लागते, राग येतो, सर्दी होते, आठवण येते, झोप लागते. मराठीत माणूस बसलेला असतो आणि या गोष्टी त्याच्याकडे येतात. इंग्रजीत माणूस वाक्याच्या अग्रभागी उभा राहून त्यांना जवळ बाळगतो. दोन भाषांच्या स्वभावांतील हा भेद दहा वर्षांच्या मुलांना त्या दिवशी उमगला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांतल्या कोणीही पुन्हा आईकडे ताप पाठविला नाही.

तास संपल्यावर बाईंनी मला एक दोनशेपानी वही दाखविली. डाव्या पानावर मुलांनी केलेली इंग्रजी वाक्ये, उजव्या पानावर ती ज्या मराठी, अहिराणी किंवा पावरी वाक्यांतून आली असावीत ती वाक्ये. "आय कम टुमॉरो" असे मूल का म्हणते? कारण "मी उद्या येतो" असे ते रोज म्हणते. 'अ' आणि 'द' ही उपपदे ते का गाळते? कारण त्याच्या भाषेत त्यांची जागाच नाही. त्या बाईंनी आपल्याच जिल्ह्यात बी.एड. केले होते. त्या वहीतील ज्ञान जगातील कोणत्याही विद्यापीठात फी भरून मिळणारे नव्हते, कारण ते त्या चोपन्न मुलांखेरीज कोणापाशी नव्हतेच.

आता विलायतेतील वर्ग पाहा. १९६२ साली जॉन हेक्राफ्ट यांनी लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये शिक्षकांसाठी जो अल्प मुदतीचा शिक्षणक्रम सुरू केला, त्याच परंपरेतून वाढलेला आणि आज केंब्रिजच्या सनदेने जगभर चालणारा सेल्टा हा अभ्यासक्रम सुमारे १२० तासांचा आहे, आणि त्यात उमेदवाराला प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपुढे ६ तास शिकवावे लागते. ते विद्यार्थी कोण? लंडनच्या अशा वर्गात ब्राझीलचा, तुर्कस्तानचा, जपानचा आणि पोलंडचा माणूस एकाच ओळीत बसतो. पंधरा जणांच्या पंधरा भाषा, आणि शिक्षकाला त्यांतली एखादीही येईलच असे नाही. अशा ठिकाणी इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावे लागते, कारण दुसरा इलाजच नसतो. त्या इलाजातून हावभाव, चित्रे, वस्तू, जोडीजोडीने संभाषण अशी अत्यंत कुशल तंत्रे निर्माण झाली. त्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण एका मुलखात जी अपरिहार्यता होती ती दुसऱ्या मुलखात सिद्धांत होऊन आली, ही माझी तक्रार आहे. १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलाच्या वतीने इंग्रजी अध्यापनाविषयी जी परिषद भरली, तिच्यातून इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची ती मातृभाषा आहे तो, आणि इंग्रजी जितके लवकर तितके बरे, अशा समजुतींना प्रतिष्ठा मिळाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या समजुतींची एकेक करून झाडाझडती घेतली आणि त्यांमागील साम्राज्याची सावली उघड केली. समोर बसलेल्या पन्नास मुलांची भाषा ज्याला येते, त्या शिक्षकाला ती भाषा वर्गाबाहेर ठेवावयास सांगणे म्हणजे त्याची सर्वांत मोठी पुंजी दारावर जप्त करणे होय.

इंग्रजी कसे शिकवावे याविषयीचे जे ज्ञान आज विलायतेच्या ग्रंथालयांत प्रतिष्ठेने मांडलेले आढळते, त्यातील काही मोलाचा भाग मुळात हिंदुस्थानच्या वर्गांतून तिकडे गेलेला आहे, हे आपल्या तरुणांना कोणी सांगत नाही. मायकेल वेस्ट हे इंग्रज होते, पण त्यांचा विचार पिकला तो ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात. बंगालमधील बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडून जातात, हे पाहून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : मुदतीपूर्वी विमा सोडणाऱ्याच्या पदरात जशी काही रक्कम पडते, तसे मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? अपुरे राहिलेले बोलणे फारसे कामी येत नाही, पण वाचता येऊ लागले असेल तर तेवढे तरी जन्मभर उरते. म्हणून आधी वाचन, असा निष्कर्ष त्यांनी १९२६ साली मांडला, आणि त्या विचारातून मर्यादित शब्दसंग्रहाची जी वाचनमाला तयार झाली ती पुढे जगभर गेली. एन. एस. प्रभू यांचे उदाहरण तर अधिक जवळचे. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आसपासच्या साध्या शाळांतून त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे ठेवली, आणि काम उरकण्याच्या नादात भाषा कशी येऊ लागते ते पाहिले. कार्याधिष्ठित अध्यापन म्हणून आज परदेशी विद्यापीठांत जे शिकविले जाते, त्याच्या इतिहासात बंगळूरच्या त्या प्रयोगाचा उल्लेख येतो. आमची मुलगी जमीन गहाण ठेवून इंग्लंडला जाईल आणि तेथे तिला प्रभूंचा ग्रंथ वाचावयास देतील! ग्रंथ अवश्य वाचावा. पण तो जन्माला आला ते गाव अधिक जवळ आहे, हे आधी माहीत असावे. वेस्ट आणि प्रभू या दोघांनाही ज्ञान झाले ते वर्गातील एका अडचणीपाशी थांबून तिचा प्रश्न केल्यामुळे.

इतके सांगितल्यावर परदेशी शिक्षणात जे खरोखर मोलाचे आहे तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या एका विद्यार्थ्याने मला लिहिले होते, की त्याच्या प्रत्येक पाठाला मार्गदर्शक मागे बसत, आणि त्याच दिवशी त्याला समोर बसवून चाळीस मिनिटांत तू किती वेळ बोललास आणि विद्यार्थी किती वेळ बोलले, एवढे एकच विचारून निरुत्तर करीत. असे निरीक्षण आपल्याकडे दुर्मीळ आहे. शिवाय ज्या भाषेला आपण केवळ पाठ्यपुस्तकात भेटलो ती बाजारात भांडताना, लहान मुलांना रागावताना, आगगाडीत कुजबुजताना कानांवर पडणे, हा लाभ पुस्तकातून होत नाही. समृद्ध ग्रंथालये आहेत, प्राध्यापकाला निःशंकपणे प्रश्न विचारण्याची मुभा आहे. आणि अनोळखी देशात आपणच परभाषिक, अडखळणारे विद्यार्थी होऊन बसल्यावर आपल्या मागच्या बाकावरील मुलाची जी आठवण होते, ती तर अमूल्य आहे.

उलट घरच्या शिक्षणातील दोषही झाकून ठेवण्यासारखे नाहीत. सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, सराव पाठ, त्यांची टाचणे, टाचणांवर सही आणि सहीवर शिक्का; हा शिरस्ता अनेक ठिकाणी इतका निर्जीव झाला आहे, की टाचण वर्षानुवर्षे तेच राहते, फक्त वरचे नाव आणि तारीख बदलते. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि त्याने २०१२ साली देशातील शिक्षकप्रशिक्षणाच्या दुरवस्थेची कैफियत सरकारदरबारी रुजू केली. त्यानंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि प्रत्यक्ष शाळेत घालवावयाचा काळ २० आठवड्यांचा ठरला. नियम चांगला आहे. पण तो पाळणारी महाविद्यालये निवडून काढावी लागतात. त्यासाठी प्रवेशापूर्वी तीनच प्रश्न विचारावेत : तुमची सरावशाळा कोणती, तेथे विद्यार्थी-शिक्षक खरोखर किती दिवस जातात, आणि त्यांचा पाठ शेवटपर्यंत बसून पाहणारा प्राध्यापक कोण? तिसऱ्या प्रश्नाला जेथे नाव मिळत नाही तेथे पैसे भरू नयेत. आणि घरचे म्हणजे केवळ जिल्ह्याचे असेही नाही. १९५८ साली हैदराबादला स्थापन झालेली आणि आज केंद्रीय विद्यापीठ असलेली इंग्रजी व परकीय भाषांची संस्था, किंवा बंगळूरची १९६३ पासूनची प्रादेशिक इंग्रजी संस्था, ही याच कामासाठी उभी केलेली ठिकाणे आहेत, आणि तेथे समोरचा प्राध्यापकही बहुधा कोणत्या तरी भारतीय भाषेतूनच इंग्रजीपर्यंत पोहोचलेला असतो.

आता त्या सातबाऱ्याकडे वळू. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक सामान्यतः तारण मागते, आणि इंग्लंडातील एका वर्षाचे शुल्क व निर्वाह मिळून २५ लाखांच्या आत भागणे कठीण. दरसाल १० टक्के व्याज धरले तरी नुसत्या व्याजाचे अडीच लाख होतात. म्हणजे दरमहा वीस हजारांहून अधिक. आपल्या राज्यात अनुदानित माध्यमिक शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षणसेवकाचे मानधन, २०२३ साली वाढवून दिल्यानंतर, दरमहा १८,००० रुपये आहे आणि ते तीन वर्षे तेवढेच राहते. शिवाय त्या जागेवर नेमणूक व्हावयाची तर येथील मान्यताप्राप्त बी.एड. लागते, इंग्लंडातील एम.ए. त्याची जागा घेत नाही. म्हणजे जी मुलगी गावच्या शाळेत उत्तम शिकविता यावे म्हणून कर्ज काढील, तिला त्या कर्जाचे व्याजही गावच्या शाळेतून फेडता येणार नाही. ती परत येईल तर महानगरातील श्रीमंत शाळेत येईल, किंवा येणारच नाही. यात तिचा दोष काढता येणार नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढलेला बोजा उतरविणे हा कोणत्याही मुलीचा धर्मच आहे. पण मग आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय तिने घेतला नाही, तिच्या कर्जाने घेतला, हे मान्य करावे लागते. आणि तिच्या वाट्याची ती पन्नास मुले ज्या दिवशी कर्जरोख्यावर सही झाली त्या दिवशीच शिक्षिकेला मुकली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आधी नोकरी करा, मग जा, असे सांगणे पुरुषांना ठीक. मुलीचे मात्र लग्न होते, मूल होते, आणि 'मग' हा शब्द तिच्या आयुष्यात कधी उगवतच नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी 'पुढे कधीतरी' असे म्हणत नाही. तीन ते पाच वर्षे असे मोजून म्हणतो, आणि ती मुदत मुलीने घरच्यांकडून आधी कबूल करून घ्यावी असेही म्हणतो. दुसरे, नामांकित शिष्यवृत्त्यांची अट याच क्रमाला अनुकूल आहे : ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. वर्गात उभे राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खर्चाने जाता येते. न उभे राहिलेल्याला बापाच्या जमिनीवर जावे लागते.

आणि स्त्रीने प्रश्न घेऊन परदेशी जाणे म्हणजे काय, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात असे ठासून सांगितले, आणि त्यानंतर, १८८३ साली, आपल्या ग्रंथविक्रीच्या पैशांचा आधार घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या, तेथे संस्कृत शिकविले. पुढे अमेरिकेत बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले तेव्हा परदेशात पाहिलेल्यातले काय उचलावे आणि काय टाकावे हे ठरविण्यासाठी त्यांच्यापाशी एक कसोटी होती : येथील निराधार विधवेला याचा काय उपयोग? ती कसोटी त्यांनी जहाजावर चढण्यापूर्वीच कमावलेली होती. जो रिकाम्या हाताने जातो त्याला तिकडे जे दिसेल ते सर्वच थोर वाटते, आणि परतल्यावर येथील सर्वच क्षुद्र वाटू लागते. जो प्रश्न घेऊन जातो, तो चाळीस व्याख्यानांतील आपल्या कामाचे एक व्याख्यान ओळखतो आणि तेवढे घेऊन येतो.

म्हणून माझा निर्णय क्रमाचा आहे. परदेश नको, असे मी म्हणत नाही. परदेश आधी नको, असे म्हणतो. आधी घरी शिका. चांगले महाविद्यालय धुंडाळून शिका. स्वतःचे इंग्रजी कच्चे असेल तर रोज दोन तास वाचून आणि ऐकून ते पक्के करा, कारण कच्च्या इंग्रजीचे समर्थन मातृभाषेच्या प्रेमाने होत नाही. मग वर्गात उभे राहा. आणि ज्यांच्या हाती धोरणे आहेत त्यांना विनंती, की पाच वर्षे ग्रामीण वर्गात इंग्रजी शिकविलेल्या निवडक शिक्षकांना पगारी अभ्यासरजा आणि शासकीय खर्चाने परदेशी प्रशिक्षण देण्याची तजवीज करा. त्या खर्चातून परत येणारा शिक्षक त्याच शाळेवर रुजू होईल, कारण त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचे देणे नसेल.

त्या संध्याकाळी वडिलांना मी म्हणालो, "उतारा खिशात ठेवा." मुलीने बी.एड.ला नाव घातले, आणि निघताना मी तिला एक कोरी दोनशेपानी वही दिली. तिच्यासारख्या प्रत्येकाला माझे सांगणे तेच आहे : डाव्या पानावर मुलांची वाक्ये लिहा, उजव्या पानावर ती कोठून आली ते लिहा, आणि ज्या दिवशी उजव्या पानावर लिहिण्यासारखे उत्तर तुम्हांला येथे कोठेही सापडणार नाही, त्या दिवशी परदेशी विद्यापीठाला अर्ज करा.